तो वेळ की ती वेळ? दृश्यकलेतल्या 'टाइम'ला मराठीत काय म्हणावं

शाईपेन :
एका नियतकालिकासाठी आजच्या दृश्यकलेवर लेख लिहितेय. विषय टाइम आणि इमेज. 'काळ आणि प्रतिमा' असं शीर्षक दिलं, तर घरात पहिला प्रश्न आला, "कोण गेलं?" प्रतिमा म्हटलं की हार घातलेला फोटो, नाहीतर पुढाऱ्याची डागाळलेली प्रतिमा. 'वेळ आणि चित्र' केलं तर शाळेचं वेळापत्रक वाटतं. शिवाय निम्म्या कलाकृती व्हिडिओ आहेत, त्यांना चित्र म्हणायचं का? सुचवा.

कानामात्रा :
'प्रतिमा' राहू द्या, कलेवरच्या लिखाणात तो शब्द रुळलाय. खरी गंमत दुसरीकडे आहे. मराठीत वेळ एक नाही, दोन आहेत. 'जेवायची वेळ झाली' ही ती वेळ. 'जेवायला वेळ लागला' हा तो वेळ. ती ठरलेली असते, येते, टळते, चुकते. तो मिळतो, लागतो, फुकट जातो. 'वेळेत ये' आणि 'थोड्या वेळात येतो' हेही असेच वेगळे.

आता दोन कलाकृती घ्या, दोन्ही चोवीस तासांच्या. ख्रिश्चन मार्क्लेची 'द क्लॉक' २०१० ची. हजारो चित्रपटांमधले तुकडे जोडलेत, बहुतेकांत कुठे ना कुठे घड्याळ दिसतं किंवा कुणीतरी वेळ बोलून दाखवतं. ती जिथे दाखवतात तिथल्या घड्याळाशी जुळवून लावतात. पडद्यावर चार वाजून दहा मिनिटं झाली असली, तर तुमच्या मनगटावरही तेवढेच वाजलेले असतात. ही शंभर टक्के ती वेळ. दुसरी डग्लस गॉर्डनची, १९९३ ची. त्याने हिचकॉकचा 'सायको' हा सिनेमा घेतला आणि सेकंदाला साधारण दोन फ्रेम या गतीने चालवून तो दिवसभराचा केला. न्हाणीघरातल्या त्या खुनाच्या प्रसंगात सुरीचा हात वर गेला की खाली येता येत नाही. पुढे काय होणार हे माहीत असूनही तुम्ही थांबून राहता, आणि तेवढ्यात न्हाणाऱ्या बाईच्या मागची फरशी, पडद्याच्या कड्या असलं काहीबाही दिसायला लागतं. तिथे किती वाजले याला काही अर्थच नाही. हा तो वेळ.

अर्धविराम :
नियम छान, पण 'वेळेचा अपव्यय' सगळेच लिहितात. तुमच्या हिशेबाने 'वेळाचा' हवं.

कानामात्रा :
हवं, पण कुणी म्हणत नाही. विभक्ती लागली की बऱ्याच ठिकाणी ती वेळ त्या वेळाला गिळते. म्हणून शीर्षकात 'वेळेचा' नको, मूळ रूपच ठेवा.

चहाबिस्किट :
आणि 'काळ' उगाच बाद करताय. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण आठवा. ऑन कवारा या जपानी चित्रकाराने १९७० पासून ओळखीच्यांना तारा पाठवल्या, मजकूर एवढाच : मी अजून जिवंत आहे. आपली म्हण त्याला कुणी सांगायला हवी होती! १९६६ च्या ४ जानेवारीपासून तो तारखांची चित्रं करत होता. एकरंगी पार्श्वभूमीवर फक्त त्या दिवसाची तारीख. मध्यरात्रीपर्यंत पुरं झालं नाही तर चित्र नष्ट. एकेका चित्राला वेळ आहे, सगळ्या चित्रांच्या मागे काळ उभा आहे.

अर्धविराम :
तैवानी कलाकार तैचिंग श्ये याचं काम कुठल्या लिंगात बसवाल? एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१, न्यूयॉर्क. वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कारखान्यातल्यासारखं कार्ड पंच करायचं आणि त्याच क्षणी स्वतःची एक फ्रेम टिपायची. ८७६० पैकी १३३ वेळा चुकलं, बहुतेकदा झोपेमुळे. सुरुवातीला मुंडन केलं होतं, त्यामुळे सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये केस खांद्यापर्यंत वाढत जाताना दिसतात.

कानामात्रा :
पंच करणं ती वेळ, केस वाढणं तो वेळ. दोघं एकाच फ्रेममध्ये. (आणि तुम्ही '१३३ वेळा' लिहिलंत, ती तिसरी वेळ. तिच्यात आत्ता शिरत नाही.)

निवांत :
फ्रेमला 'निमिष' म्हणता येईल का? पापणी लवण्याइतका काळ, शटरला शोभतो.

अर्धविराम :
कवितेत म्हणा. संकलनाच्या टेबलावर सगळे फ्रेमच म्हणतात.

चहाबिस्किट :
'प्रतिमा' या शब्दाची खरी परीक्षा जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतोकडे आहे. जुन्या चित्रपटगृहात कॅमेरा लावायचा, सिनेमा सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की मिटायचं. दोन तासांच्या सिनेमात पावणेदोन लाखांच्या आसपास फ्रेम असतात. त्या सगळ्या एकाच निगेटिव्हवर, आणि हाती काय येतं, तर पांढरा चौकोन. त्याच उजेडात रिकाम्या खुर्च्या आणि छताची नक्षी मात्र लख्ख. आता ही एक प्रतिमा, पावणेदोन लाख, की एकही नाही? मला 'चित्र' इथे तोकडं वाटतं, 'छायाचित्र' तर हास्यास्पद, छाया कुठेय त्यात!

निवांत :
मुंबईचं एक उदाहरण हवं असेल तर चित्रकार नलिनी मलानी. १९९२ मध्ये केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवरच चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती रंगवून टाकली. तिथे मी वेळ किंवा काळ म्हणणार नाही, सरळ 'मुदत' म्हणेन.

शाईपेन :
'मुदत' घेतला! शीर्षक सध्या 'तो वेळ, ती वेळ आणि प्रतिमा'. मुद्रितशोधकाला आधीच फोन करून ठेवते, नाहीतर तो दोन्हीकडे 'ती' करून टाकेल.