शब्दचर्चा : सामाजिक विम्याचे ‘अंशदान’ की ‘भार’?

प्रश्न : कामगारांच्या सामाजिक विम्यापोटी कंपनी जी रक्कम भरते, तिचा पर्यावरणपूरक उत्पादनावर होणारा परिणाम मांडताना कोणी तिला ‘अंशदान’ म्हणतात, तर कोणी ‘भार’. हे शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत. निवृत्तिवेतन, आजारपण, अपघात, बेरोजगारी यांसाठीच्या निधीत नियोक्त्याने वेतनाच्या प्रमाणात भरावयाचा वाटा म्हणजे अंशदान. त्याचा दर कायदा ठरवतो. भार मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. एकूण खर्चात मजुरीचा वाटा किती आहे आणि पगारवाढ रोखून त्या रकमेतला काही हिस्सा कामगारावरच ढकलला जातो का, यांवर तो अवलंबून असतो. म्हणूनच दर एकच असला तरी कपडे शिवणाऱ्या कारखान्याला तो जितका जाणवतो तितका स्वयंचलित रसायन कारखान्याला जाणवत नाही.

चीनचे उदाहरण येथे फार उपयोगी आहे. तेथे सामाजिक विम्याची वसुली कर खात्याकडे सोपवण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला आणि मे २०१९ पासून निवृत्तिविम्यातील नियोक्त्याचा दर १६ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची मुभा प्रांतांना मिळाली. दर उतरला, पण पूर्वी कमी वेतन दाखवून रक्कम वाचवणाऱ्या कंपनीचा भार वसुली कडक झाल्यास वाढूही शकतो.

प्रश्न : मग ‘भार वाढला की हरित उत्पादन घटते’ हे विधान बरोबर ठरेल का?

उत्तर : अर्धेच. हाती रोकड कमी उरली की सांडपाणी प्रक्रियेसारखी, लगेच परतावा न देणारी गुंतवणूक प्रथम लांबणीवर पडते, हे खरे. परंतु मनुष्यबळ महागल्यामुळे जुनी यंत्रे बदलली गेली आणि नवी यंत्रे कमी ऊर्जा घेणारी असली, तर उत्सर्जन घटते. माणसांची जागा केवळ विजेने घेतली, तर ऊर्जेचा वापर वाढतो. शिवाय विम्याचे संरक्षण असलेला कुशल कामगार टिकून राहण्याची शक्यता अधिक असते, आणि स्वच्छ प्रक्रिया काटेकोरपणे चालवायला असाच माणूस लागतो. ‘भार’ या शब्दात ही बाजू पूर्णपणे झाकली जाते, म्हणून या विषयावरील लेखाच्या शीर्षकात तरी ‘अंशदान’च असावे, असा माझा आग्रह आहे.

जर्मनीने १९९९ पासून इंधन व विजेवरील कर वाढवून त्या उत्पन्नाचा मोठा भाग निवृत्तिविम्याचे अंशदान कमी करण्यासाठी वापरला. या धोरणाला ‘अंशदानात सवलत’ म्हणणे अपुरे आहे. ‘करभाराचे श्रमाकडून प्रदूषणाकडे स्थलांतर’ ही लांबट शब्दयोजनाच येथे नेमकी आहे.