‘परभक्षी कोळी सोडावेत’ : हे वाक्य कसं लिहाल?

पानउलगडी: एका माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. विषय आहे पिकांवरच्या किडींविरुद्ध बुरशी आणि किडींना खाणारे माइट (ठिपक्याएवढे जीव) यांचा एकत्र वापर. माइटला शेतीत कोळी म्हणतात, म्हणून लिहिलं, ‘बुरशीची फवारणी सुकल्यावर परभक्षी कोळी सोडावेत.’ शेती करणाऱ्या मावशीला वाचायला दिलं. ती म्हणाली, “अगं, कोळी पडला म्हणून तर फवारतो, आणि त्यालाच सोडून द्यायचं?” ‘कोळी’ म्हणजे कीड झाली आणि ‘सोडावेत’ म्हणजे मारू नयेत असं झालं. ‘कोळी’ला दुसरा शब्द सुचवाल का?

रानवाट: मावशींचं बरोबर आहे. लाल कोळी ही कीड, तिला खाणारा फायटोसेयुलस तोही कोळी आणि भिंतीवर जाळं विणतो तो तिसरा कोळी. ‘शिकारी कोळी’ लिहा. ‘परभक्षी’ मला कधीच पटलेला नाही. पर म्हणजे दुसरा. मग गवत खाणारी गायही परभक्षीच म्हणायची.

तळटीप: गाय गवताचा जीव घेत नाही, ते पुन्हा फुटतं. ‘परजीवी’ आणि ‘परभक्षी’ ही जोडी अर्थाने नेमकी आहे, ती मोडू नका. आणि ‘शिकारी कोळी’ म्हटलं की मला तरी झेप घेऊन माशी धरणारा कोळी दिसतो, पानामागचा ठिपक्याएवढा जीव नाही.

जुनीपोथी: मुळात जाऊ या. संस्कृतात कौलिक म्हणजे विणकर. प्राकृतातला ‘कोलिअ’ विणकरही आहे आणि जाळं विणणारा कोळीही. लाल कोळी पानांवर बारीक जाळी करतो, त्याला हे नाव शोभतं. त्याला खाणारे कोळी जाळं विणत नाहीत. त्यांना ‘कोळी’ म्हणणं हा शब्दावर अन्याय आहे. ‘अष्टपाद’ म्हणा.

रानवाट: अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस! शिवाय नारळावरच्या एरिओफाइड कोळ्याला चारच पाय असतात आणि तो जाळंही करत नाही, तरी सगळे त्याला कोळीच म्हणतात. शब्द मुळातून निघून इतका पुढे गेलाय की त्याला माघारी बोलावता येणार नाही.

ओलीमाती: मी ‘मित्रकोळी’ म्हणते. ‘मित्रकीटक’ लोकांना ठाऊक आहे, त्याच वळणावर ‘मित्रबुरशी’ आणि ‘मित्रकोळी’. मावशींना लगेच कळेल.

तळटीप: ‘मित्रबुरशी’वर माझा आक्षेप आहे. लोक ट्रायकोडर्मालाही मित्रबुरशी म्हणतात, पण ती रोगाच्या बुरशींविरुद्ध वापरतात, किडींविरुद्ध नाही. आणि मित्र कोणाची? रेशीमकिड्यांचा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो, हे ऑगस्टिनो बासी यांनी १८३५ मध्ये मांडलं. ती म्हणजे ब्युव्हेरिया, आपण किडींवर फवारतो तीच बुरशी, बासींच्या नावावरून ‘बॅसियाना’. रेशीम करणाऱ्याला ती मित्र वाटेल? दाट फवाऱ्यात सापडला तर तुमच्या मित्रकोळ्यालाही ती लागू शकते. म्हणून तर आधी फवारायचं, पानं सुकू द्यायची आणि मग कोळी सोडायचे. ‘मित्र’ म्हटलं की हा क्रम पाळायची गरजच वाटत नाही.

ओलीमाती: शत्रू-मित्र हे पिकाच्या बाजूने असतं, रेशीमकिड्याच्या नाही. माझ्या मते खरा घोळ ‘बुरशीनाशक’चा आहे. भावाने ब्युव्हेरियाचा डबा आणला होता, वर ‘बुरशीयुक्त जैविक नाशक’ असं काहीसं छापलेलं. त्याने ते बुरशीनाशकच समजून करप्यावर, म्हणजे बुरशीच्या रोगावर, मारलं. करपा हटेना, म्हणून दोन दिवसांनी खरं बुरशीनाशक मारलं. म्हणजे चुकून का होईना टाकलेली चांगली बुरशीही गेली. त्या वर्षीचं त्याचं नुकसान मी पाहिलंय. ‘कीडनाशक बुरशी’ असा क्रम असता तर हे घडलं नसतं.

जुनीपोथी: हे मान्य. तत्पुरुष समासात शेवटचं पद प्रधान, तेव्हा शेवटी ‘बुरशी’च हवी.

पानउलगडी: ‘कीडनाशक बुरशी’ घेते. आणखी एक अडचण आहे. फुलकिड्यांच्या परिच्छेदात बुरशी मातीत आणि कोळी पानांवर असं येतं, कारण पिल्लं पानांवर असतात आणि कोषात जायला मातीत उतरतात. तिथे मी ‘एकत्र वापर’ लिहिलं, तर मावशीने विचारलं, “एकाच पंपात घालायचं का?”

रानवाट: ‘जोडीने वापर’ लिहा. जोडीतले दोघे वेगवेगळ्या जागी राबू शकतात. आणि ‘सोडावेत’ऐवजी ‘भुरभुरावेत’. हे कोळी कोंड्यात मिसळून येतात, पानांवर भुरभुरवतात.

तळटीप: जिवंत प्राणी भुरभुरवत नाहीत. हळद भुरभुरवतात.

रानवाट: कोंडा भुरभुरवतात, कोळी त्यातून आपले चालत जातात.

तळटीप: मग कर्म कोंडा झाला. वाक्यात कोळी कुठे राहिले?

पानउलगडी: आणि ‘कोळी’ला शब्द? तो अजून हवाच आहे.

जुनीपोथी: ‘भुरभुर’ अनुकरणवाचक आहे की ‘भुरका’शी त्याचं नातं आहे, हे आधी बघायला हवं.