मदत हवी आहे: पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, पण इन्स्पेक्ट केले की उघडा!

कळंगुटकर_डेस्क
हॉटेलच्या बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जचे पान उघडले की पासवर्डच्या जागी काळे ठिपके येतात. पण राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि 'टाइप'मध्ये पासवर्डच्या जागी टेक्स्ट लिहिले की आख्खा पासवर्ड समोर! रिसेप्शनवरच्या पोराने मालकांसमोरच करून दाखवले. हे बंद कसे करायचे? सीझन तोंडावर आलाय, लवकर सांगा. 'गुगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढचा धागा बघावा.

मडगाव_एक्स्प्रेस
कुठला पासवर्ड? तुमच्या लॉगिनचा, मेलचा की चॅनेल मॅनेजरचा (बुकिंग साइट्सशी खोल्या जुळवणारा)? सॉफ्टवेअर विकतचे आहे की कुणाकडून करून घेतलेले? यावर सगळे उत्तर बदलते.

झटपट_उपाय
राइट क्लिक आणि एफ१२ बंद करणारी चार ओळींची जावास्क्रिप्ट टाका. काम तमाम.

फोंडा_बॅकएंड
झटपटराव, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद केली की तुमच्या चार ओळीही बंद. ठिपके फक्त मागे उभ्या असलेल्या माणसासाठी असतात. पासवर्ड ब्राउझरपर्यंत आला की तो लपवायचा प्रश्नच उरत नाही.

धागाकर्ते, आधी तो येतो कुठून ते बघा. इनकॉग्निटो विंडो उघडा, हाताने टाइप करून लॉगिन करा, सेटिंग्जच्या पानावर कंट्रोल+यू दाबा आणि सोर्समध्ये पासवर्ड शोधा. सापडला तर सर्व्हरच पाठवतोय. नाही सापडला तर इन्स्पेक्टच्याच नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरची जेसन (डेटाची) उत्तरे तपासा. तिथेही नसेल आणि नेहमीच्या विंडोतच दिसत असेल, तर ब्राउझरने सेव्ह केलेला पासवर्ड भरलाय. मग सॉफ्टवेअरचा दोष नाही.

कळंगुटकर_डेस्क
कंट्रोल+यूमध्ये सापडला. मेलचा पासवर्ड आहे, एसएमटीपीचा (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा), जीमेलवरून बुकिंगची पावती जाते तो. सॉफ्टवेअर लाराव्हेलमध्ये (पीएचपीच्या तयार चौकटीत) करून घेतलेले आहे. रिसेप्शनच्या लॉगिनलाही ते पान उघडते, त्याशिवाय पोराने दाखवले कसे असते?

बीक्रिप्ट_भक्त
२०२३ नंतरही लोक पासवर्ड साधे ठेवतात? बीक्रिप्ट नाहीतर आर्गॉन२ लावून हॅश करा, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता न येणारा ठसाच साठवा. डेटाबेस फुटला तरी चिंता नाही.

फोंडा_बॅकएंड
हा एसएमटीपीचा पासवर्ड आहे हो. जीमेलकडे लॉगिन करताना सर्व्हरला मूळ पासवर्डच द्यावा लागतो, हॅश देऊन मेल जाणार नाही. युजरच्या लॉगिनला तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर. इथे एन्क्रिप्शनच लागेल, म्हणजे किल्लीने परत उघडता येणारे कुलूप, आणि ती किल्ली डेटाबेसच्या बाहेर हवी.

काणकोण_कोडर
डेव्हलपरला हे जसेच्या तसे पाठवा.

आज: जीमेलचा जुना अ‍ॅप पासवर्ड (सॉफ्टवेअरसाठी गुगल देते तो वेगळा) रद्द करून नवा काढा. तो ज्याने बघितला त्याच्याकडे आहे असेच धरून चला. सेटिंग्जचे पान रिसेप्शनच्या रोलमधून काढा, तेही सर्व्हरवर. मेन्यू लपवून भागत नाही, पत्ता टाइप केला की पान उघडते.

कोडमध्ये: टेम्प्लेटमधल्या इनपुटची 'व्हॅल्यू' रिकामी करा आणि शेजारी 'पासवर्ड सेट आहे' एवढेच लिहा. रकाना रिकामा आला तर जुना पासवर्ड ठेवायचा. इथेच सगळे आपटतात: लाराव्हेल रिकाम्या स्ट्रिंगचे नल ('काहीच नाही') करते, ते थेट सेव्ह केले की पासवर्ड उडतो आणि पावत्या जायच्या थांबतात. म्हणून रकाना खरेच भरलाय का हे 'फिल्ड'ने तपासूनच लिहा. काहीजण व्हॅल्यूत आठ तारका भरतात, मग कुणीतरी सेव्ह दाबतो आणि आठ तारका हाच पासवर्ड होतो!

फॉर्ममध्ये दुसरी काही चूक निघाली की जुने इनपुट सेशनमध्ये जाते. लाराव्हेल 'पासवर्ड' नावाचा रकाना त्यातून आपोआप वगळते, 'एसएमटीपी_पासवर्ड' वगळत नाही. तो 'डोन्ट फ्लॅश'मध्ये (वगळायच्या रकान्यांच्या यादीत) घाला. मॉडेल (डेटाबेसच्या नोंदीचा कोडमधला वर्ग) जेसनमध्ये जात असेल तर 'हिडन'मध्येही. आणि बदलांची नोंद ठेवणारे टेबल असेल तर तिथे 'जुने मूल्य, नवे मूल्य' म्हणून हाच पासवर्ड पडलेला असतो. तिकडे कुणीच बघत नाही.

पासवर्ड_मॅनेजरवाला
मूळ रोग हा की लोक पासवर्ड मॅनेजर वापरत नाहीत. कीपास घ्या, फुकट आहे.

मडगाव_एक्स्प्रेस
कीपास चांगलेच, पण त्याने सर्व्हर पासवर्ड पाठवायचा थांबेल का? आणि रकान्यातून गळती तिथेही झालीय. सीव्हीई-२०२३-३२७८४ (त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक): मास्टर पासवर्ड टाइप करताना मेमरीत तुकडे राहायचे, मेमरी डंपमधून पहिले अक्षर सोडून बाकी काढता यायचा. २.५४ मध्ये दुरुस्त झाले.

झटपट_उपाय
मॅक घ्या, कटकटच नको.

मडगाव_एक्स्प्रेस
मॅकच्याच २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीमध्ये डिस्क युटिलिटीतून एन्क्रिप्टेड व्हॉल्यूम केले की 'हिंट' मागितल्यावर खुद्द पासवर्डच दिसायचा. अ‍ॅपलला पुरवणी अपडेट काढावे लागले.

बार्देश_होमस्टे
विषय निघालाच आहे तर, परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते, त्याचे लॉगिन रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर सेव्ह ठेवावे का?

फोंडा_बॅकएंड
वेगळा धागा काढा. थोडक्यात, सगळे एकाच विंडोज लॉगिनने बसत असतील तर नको.

धागाकर्ते, एक राहिलेच. त्या पानावर 'टेस्ट मेल पाठवा' बटण आहे का? असेल तर रकाना रिकामा करूनही भोक उरते. सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी स्वतःच्या मशीनचा पत्ता लिहून टेस्ट दाबले, की तुमचे सॉफ्टवेअर साठवलेला पासवर्ड त्या मशीनला नेऊन देते. ऑफिसच्या प्रिंटरवर स्कॅन-टू-मेलची सेटिंग असते, तिथेही हीच युक्ती चालते. पत्ता किंवा पोर्ट बदलला तर पासवर्ड नव्याने मागायचा, हा नियम कोडमध्येच हवा.

कळंगुटकर_डेस्क
आहे बटण! रोल काढला, अ‍ॅप पासवर्ड बदलला. डेव्हलपरने मॉडेलमध्ये 'एन्क्रिप्टेड' कास्ट (लिहिताना एन्क्रिप्ट, वाचताना आपोआप उलगडणारी सेटिंग) लावला, तर आता सेटिंग्जचे पानच उघडत नाही, 'डिक्रिप्ट एक्सेप्शन' येतेय. आता काय??

काणकोण_कोडर
डेटाबेसमधले मूल्य अजून साधेच आहे आणि कास्ट ते उलगडायला जातोय. कास्ट काढा. आधी कॉलम 'टेक्स्ट' प्रकारचा करा, एन्क्रिप्ट केलेले मूल्य बरेच लांब होते. मग एकदाच चालणारी मायग्रेशन (डेटाबेस बदलणारी स्क्रिप्ट) लिहून जुने मूल्य 'क्रिप्ट'च्या 'एन्क्रिप्ट स्ट्रिंग'ने बदला आणि शेवटी कास्ट परत लावा. साधे 'एन्क्रिप्ट' वापरू नका, ते मूल्य आधी सीरियलाइझ करते (वेगळ्या साच्यात बांधते) आणि कास्टशी जुळत नाही. एन्व्ह फाइलमधली अ‍ॅप की (एन्क्रिप्शनची किल्ली) वेगळ्या जागी जपून ठेवा. सर्व्हर बदलताना ती हरवली तर तो पासवर्ड परत निघत नाही, नवाच भरावा लागेल.

एक्सेप्शनचे ते पान कोडसकट दिसत असेल तर अ‍ॅप डीबगही (चुकीचा सगळा तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) चालूच आहे. ते आत्ताच बंद करा.

कळंगुटकर_डेस्क
कोडसकटच दिसतेय. कळवतो त्याला. देव बरे करो.