म्हणे फोर्टातच उतरा!

दादरकर_पश्चिम: काल इथेच कुणीतरी ठणकावलं की विद्यापीठ, एशियाटिक लायब्ररी, जुनी मुंबई बघायची तर फोर्ट-कुलाब्यातच उतरा, दादरला राहिलात तर निम्मा दिवस गाडीत जाईल. डोक्यात गेलं. दादर-चर्चगेट फास्टने पंधरा-वीस मिनिटं, निम्मा दिवस कुठून काढलात? फोर्टात ऑफिसं सुटली की उरतात वॉचमन आणि मांजरं. रविवारी धड नाश्ता शोधताना वणवण. दादरला मध्य-पश्चिम दोन्ही लाइनी, उतरलात की समोर फुलबाजार, खायची चंगळ. आणखी काय हवं?

ओव्हलचा_कावळा: ते ‘कुणीतरी’ मीच. सकाळी साडेसहाला ओव्हल मैदानावर उभे राहा. एका अंगाला दीक्षान्त सभागृह आणि १८७८चा राजाबाई टॉवर, समोरच्या अंगाला आर्ट डेको इमारती. युनेस्कोने २०१८ला दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्या उगाच नव्हे. काळा घोडा, एल्फिन्स्टन कॉलेज, एशियाटिकच्या पायऱ्या, सगळं पायी. आणि तुमची पंधरा मिनिटं? नऊच्या गर्दीत बॅगेसकट दादरला चढून दाखवा, वडापाव माझ्याकडून.

दादरकर_पश्चिम: नऊ वाजता चढायला मुंबई बघायला आलेला काय नोकरीवर चाललाय? अकराला निघेल!

कलिनावाली: दोघेही भांडत बसा. विद्यापीठ म्हणजे फोर्ट असं सांगून लोकांना बुडवू नका. बहुतेक विभाग तिकडे सांताक्रूझजवळ कलिन्याला आहेत. माझी मावसबहीण पीएचडीच्या व्हायव्हाला आली, कुणा शहाण्याचं ऐकून फोर्टात उतरली. पावसात टॅक्सीने कलिना गाठेस्तोवर घामाघूम. तेव्हा मेट्रो ३ नव्हती, आता आहे. तरी आधी विचारा की काम कुठे आहे!

पंचगंगेचा_पाव्हणा: हॉटेलावर पैसे कशाला घालवायचे पण? मुंबईत आत्या-मावशी कुणाची नसते? आम्ही जन्मात लॉजची पायरी चढलो नाही.

लालबागची_सून: वाटच बघत होते मी! दहा बाय बाराची खोली, माणसं पाच, पाणी पहाटे पाच ते सात. दीर ‘दोनच दिवस’ म्हणून आले, अकराव्या दिवशी हलले. मी अकरा दिवस ओट्याखाली पाय घालून झोपले. येताना आणलं काय, तर पाव किलो गूळ.

पंचगंगेचा_पाव्हणा: गूळ मोजला तुम्ही! आमच्याकडे आलात तर ताटात तांबडा-पांढरा वाढतो, कधी जाणार विचारत नाही. मुंबईची माणसं म्हणजे ‘जेवूनच आला असाल’ वाली.

लालबागची_सून: तो विनोद पुण्याचा. आमच्या नावावर खपवू नका.

सदाशिवपेठी: आम्ही काही बोललो का? उगाच.

पंचगंगेचा_पाव्हणा: माझ्या बापाच्या ऑपरेशनला महिनाभर परळच्या आतेकडे होतो. तिने एकदा कपाळाला आठी घातली नाही. त्यामुळे बोलतोय.

लालबागची_सून: आजारपणाला कोण नाही म्हणतं? राजाबाई टॉवर बघायला येणाऱ्याने मात्र स्वतःच्या खिशातून राहावं.

ओव्हलचा_कावळा: आणि तो टॉवर सरसकट वर चढून देत नाहीत, खालूनच बघायचा. ज्याने आराखडा काढला तो गिल्बर्ट स्कॉट तर मुंबईत पाय न ठेवताच मोकळा झाला. राहायला जागा मिळाली नसेल!

दादरकर_पश्चिम: बरं, सकाळच्या ओव्हलचं मान्य. एक रात्र फोर्टात काढा, सूर्योदय बघा आणि नाश्त्याला मुकाट्याने दादरला या.

ओव्हलचा_कावळा: येतो. अकराच्या गाडीने.