बेरिकियाच्या झडपा: वेगवेगळ्या जाती की नर-मादी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ऑस्ट्राकॉडवाले (दोन झडपांच्या कवचात राहणारे, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले चिमुकले प्राणी; बेरिकिया हा त्यांतलाच एक नामशेष प्रकार) कोणी असाल तर प्लीज वाचा, तीन आठवडे एकाच जागी अडकलेय.

सॅम्पल स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचं आहे, सिल्युरियन मार्ल, म्हणजे ४२-४३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातला चुनखडीचा चिखल. भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक दाणा उचलून ६२ सुट्या झडपा काढल्या. सगळ्यांची बिजागरीची कड वर अगदी सरळ, खाली अर्धगोल, अंगावर तीन उंचवटे, मध्ये एक खोल खाच आणि बाहेरून खरखरीत दाणे, त्यामुळे बेरिकियाच्या कुळातलं काहीतरी आहे एवढी माझी खात्री आहे.

घोळ पुढे आहे. काही मोठ्या झडपांना खालच्या बाजूला एका टोकाशी गोल फुगवटा आहे, अर्धा वाटाणा चिकटवल्यासारखा. तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या झडपांना तो अजिबात नाही, आणि लहान झडपांत तर एकालाही नाही. मी आधी सरळ तीन जाती लिहून टाकल्या, मग कळलं की या कुळात मादीला पिल्लांसाठी पिशवी असते, आणि आता सगळा तक्ताच चुकलाय असं वाटतंय. ठरवायचं कसं? शिवाय पुढचं टोक कुठलं हे मी फुगवट्यावरूनच धरलंय, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १:
फुगवट्यावरून पुढचं टोक धरू नका, मग बिनफुगवट्याच्या झडपा कशा लावणार? तीन उंचवट्यांतला मधला छोटा, सुटा, गोल बघा, तो मोठ्या खाचेच्या पुढच्या बाजूला असतो. त्यावरून सगळ्या लावून घ्या, फुगवटा पुढे-खाली आला की तो मादीचाच. झडप उलटी करून पण बघा, पिशवी आतून पोकळ दिसेल.

मग लांबी-उंची मोजून ग्राफ काढा. हे प्राणी कात टाकत वाढतात, दर वेळी आकारमान साधारण दुप्पट म्हणजे लांबी सुमारे १.२६ पट, त्यामुळे ठिपक्यांचे वेगवेगळे घोळके पडतात. फुगवटेवाल्या फक्त शेवटच्या घोळक्यात आल्या आणि बिनफुगवट्याच्या खालून चढत तिथेच पोचल्या, आणि दाणे-उंचवटे जुळले, तर जात एकच: पिल्लं, नर आणि मादी.

फक्त एक, झडपेवरून केलेलं वर्गीकरण थोडं हातचं राखूनच लिहा. इंग्लंडमधल्या हेरफोर्डशायरच्या सिल्युरियन थरातली पॉलिन एविबेला ही ऑस्ट्राकॉडची जात २०१२ मध्ये मऊ अवयवांसकट प्रसिद्ध झाली, तेव्हा नुसत्या कवचावर किती विसंबायचं हा प्रश्न तिथेच पुढे आला.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! दोन रात्री बसून सगळ्या मोजल्या. घोळके पडले ०.९५, १.२, १.५ आणि १.९ मिमीच्या आसपास, आणि फुगवटेवाल्या १४ च्या १४ शेवटच्यात! तो मधला छोटा उंचवटा पण बघितला, माझं पुढचं टोक बरोबरच निघालं, पण आता निदान कारण सांगता येतं.

पण शेवटच्या घोळक्यातल्या चार झडपा अजून बसत नाहीयेत, लांबी तीच, पण अंग गुळगुळीत आणि खाच उथळ. झिजल्या म्हणावं तर बिजागरीची कड अगदी धारदार आहे. त्यांच्यासारखी पिशवीवाली एकही सापडली नाही, म्हणून नाव न देता वेगळ्या स्लाईडवर ठेवल्यात आणि उरलेला मार्ल परत भिजत घातलाय. गुळगुळीत बेरिकिया कोणी हाताळलाय का?