शरद जोशींची ‘उणे सबसिडी’ : कांद्यासाठी आकडा कसा काढायचा?

कोरडवाहू : खत, वीज, कर्जमाफी घेऊनही शेतकरी सरकारला देणंच लागतो, हा शेतकरी नेते शरद जोशींचा ‘उणे सबसिडी’चा मुद्दा कांद्याच्या हिशेबातून दाखवायचाय. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदान मोजायच्या सूत्राला हमीभाव लागतो, कांद्याला तो नाही. सुरुवात कुठून करू?

तराजू : ते सूत्र कांद्याला लावूच नका. त्यात हमीभावातून 1986-88 ची गोठवलेली संदर्भ किंमत वजा करून उत्पादनाने गुणतात. हमीभाव नाही, तिथे हाती काहीच लागत नाही.

बंदरापासून बांधापर्यंत उलटे या. समजा, जहाजावर चढवलेल्या मालाची, म्हणजे एफओबी, किंमत क्विंटलला 3,000 रुपये. प्रतवारी, गोणी, हमाली, वाहतूक, घट आणि निर्यातदाराचा नफा मिळून 500. शेतकऱ्याला 2,500 मिळायला हवेत. आता ऑगस्ट 2023 मध्ये लावलं तसं 40 टक्के निर्यातशुल्क धरा. ते पूर्ण एफओबीवर लागतं, म्हणजे 1,200. हाती राहिले 1,300. त्या क्विंटलच्या वाट्याला खत-विजेची मदत समजा 150 आली, ती 1,200 मधून वळती केली की 1,050 रुपये उणे. कागदावर शुल्क व्यापारी भरतो, पण लिलावात बोली लावतानाच तो ते कापून बोलतो.

बांधावरचा : हिशेब बरोबर, पण 1,200 ही कमाल मर्यादा धरा. भारत मोठा निर्यातदार आहे, शुल्क उठलं की माल बाहेर जातो आणि बाहेरचा भाव थोडा उतरतो. बाजारातला दर आणि एफओबी ताडताना आठवडा आणि प्रत एकच ठेवा. लाल कांद्याचा दर उन्हाळी कांद्याच्या एफओबीशी लावला की सगळंच फसतं. बाजार समितीचा सरासरी दरही नको, निर्यातीच्या मालाचा वेगळा काढा.

डिसेंबर 2023 ते मे 2024 च्या निर्यातबंदीत तर आपली खुल्या निर्यातीची एफओबी किंमतच नाही. दुबईतला पाकिस्तानी कांद्याचा भाव घेऊन समुद्रभाडं वजा करता येतं, पण तो भाव आपल्या बंदीनेच चढलेला असतो. बंदीआधीच्या काही आठवड्यांशी ताडून बघा.

घामाचे दाम : ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेमागे हाच हिशेब आहे. जोशी सत्तरच्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बर्नची जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला आले आणि चाकणच्या कांद्यावर आंदोलन उभं केलं. पुढे अनेक शेतकरी नेते जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात असताना त्यांनी पाठिंबा दिला, कारण बंधनं उठवा एवढीच त्यांची मागणी होती. अनुदान वाढवून मागण्याची नव्हे.

देशपातळीवर पडताळा हवा तर ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची पद्धत बघा, तिला हमीभाव लागत नाही. 2000-01 ते 2016-17 या काळात भारतात शेतकऱ्याला मिळणाऱ्या मदतीचा सरासरी आकडा शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या उणे 14 टक्के येतो. त्यात खत-विजेची मदत आधीच धरलेली आहे, पुन्हा वजा करू नका. आणि तुमच्या तक्त्यात कर्जमाफी एका वर्षाच्या कांद्यावर टाकू नका. ज्या पिकांसाठी ते कर्ज होतं, त्या सगळ्यांवर वाटा.