चर्चा : गोल्फरने जिममध्ये वजनं उचलावीत का?

बंकरवासी : माझं मत : नको. ब्रायसन डिशॅम्बोने २०१९-२० मध्ये सुमारे १८ किलो वजन वाढवलं आणि २०२० ची यूएस ओपन जिंकली, मान्य. पण नंतर तेच वजन उतरवून २०२४ ला पाइनहर्स्टवर पुन्हा जिंकलाच ना? मधल्या काळात हाताची शस्त्रक्रिया झाली ती वेगळीच. उलट झॅक जॉन्सन बघा. २००७ च्या मास्टर्समध्ये एकाही पार-५ वर, म्हणजे पाच फटक्यांच्या लांब होलवर, दोन फटक्यांत ग्रीन (भोकाभोवतीची बारीक हिरवळ) गाठायला गेला नाही, तरी त्या होल्सवर ११ अंडर, म्हणजे ठरलेल्यापेक्षा ११ फटके कमी!

सातनंबरआयर्न : काका, हात दुखावला तो टेबल टेनिस खेळताना घसरून. ते बिल डंबेलवर फाडू नका. आणि वजन वाढवणं वेगळं, ताकद वाढवणं वेगळं. मॅट फिट्झपॅट्रिक अंगाने काडी, तरी वेगाचा सराव करून लांबी वाढवली आणि २०२२ ची यूएस ओपन नेली. गॅरी प्लेअर तर लोक हसायचे त्या काळात वजनं उचलत होता. नऊ मेजर्स, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांची जेतेपदं, आहेत त्याच्या नावावर.

बंकरवासी : ते पोटापाण्यासाठी खेळतात. मी रविवारी. माझे फटके वाया जातात ते पटिंगमध्ये, ग्रीनवर चेंडू भोकात ढकलताना; ड्राइव्हमध्ये, सुरुवातीच्या लांब फटक्यात, नाही.

फिजिओताई : दोघेही अर्धंच सांगताय. डाउनस्विंग, म्हणजे वर नेलेली काठी चेंडूवर आणणं, जेमतेम पाव सेकंदाचा. जड डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचललेलं वजन, वर यायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणजे नुसती ताकद कमावून भागत नाही, ती झटक्यात वापरता आली पाहिजे. त्यासाठी उड्या आणि मेडिसिन बॉल कमरेतून वळून भिंतीवर फेकणं. पण पाया नसताना थेट उड्या मारल्या तर गुडघे बोलतात, म्हणून आधी स्क्वॉट, डेडलिफ्ट, हळूहळू. आणि पन्नाशीनंतर स्नायू आपोआप झिजतात, त्यामुळे रविवारवाल्यांनाच याची गरज जास्त. पुढच्या पायाने जमीन रेटता आली नाही की माणूस सगळा जोर कमरेतून काढतो.

बंकरवासी : कमरेचं मला सांगू नका. मंथली मेडलच्या, आमच्या क्लबच्या मासिक स्पर्धेच्या, दोन दिवस आधी डेडलिफ्टनेच धरली माझी.

फिजिओताई : किती उचललं होतं?

बंकरवासी : ऐंशी किलो.

सातनंबरआयर्न : जिमचा कितवा दिवस, काका?

बंकरवासी : दुसरा. पण व्हिडिओत तो पोरगा सहज उचलत होता.